उझीचे महिने

"मी माझी एक ओळ बदललेली नाही. मग नंबर कशाला वाढवू?" एलिएझरने पुन्हा विचारलं. त्याच्या बायकोने, ओराने, भाताचं भांडं आपटलं.

एलिएझर इस्रायलमधल्या किर्यात गातच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायचा. घरी बसून त्याने ज्यू पंचांगाचं सॉफ्टवेअर पॅकेज लिहिलं होतं आणि इंटरनेटवर फुकट ठेवलं होतं. त्यातलं महिन्यांचं मॉड्युल मात्र मेव्हण्याचं, हैफ्याच्या उझीचं. पॅकेज घेतलं की तेही सोबत यायचं, त्यामुळे लोकांना सगळं एलिएझरचंच वाटे. त्यानेही कधी खुलासा केला नाही.

उन्हाळ्यात उझीने महिने तिश्रीऐवजी निसानपासून मोजायला घेतले आणि वापरणाऱ्यांचा हिशेब चुकेल असा बदल केला की नंबर वाढवायचा, या रीतीप्रमाणे आपल्या मॉड्युलची आवृत्ती एकची दोन केली. एलिएझरने नवं मॉड्युल आत घेऊन पॅकेज पुन्हा इंटरनेटवर चढवलं, पण स्वतःच्या पॅकेजचा नंबर 'एक'च ठेवला. त्याची मुलगी याफित लग्नाच्या हॉलवर बुकिंग बघायची. तिथला कॉम्प्युटर 'एक'मधलं ताजं पॅकेज आपोआप उचलायचा. त्याने हेही उचललं. हॉलच्या नोंदीतला सातवा महिना निसान होता, तो तिश्री झाला. दहा निसानचं लग्न योम किप्पुरवर, म्हणजे दारं मिटून पाळायच्या दरफालणीच्या सणावर जाऊन पडलं. कडक उपासाच्या दिवशी तीनशे पानं, बँडसकट. हॉलने नवऱ्या मुलाला तसं कळवलंही. नवरीची आजी सकाळपासून ऑफिसात येऊन बसली होती आणि पाणीसुद्धा घेत नव्हती.

मालकाने याफितला रविवारपर्यंत मुदत दिली होती, नाहीतर घरी बस म्हणून. तिने घरात मराठी बोलणाऱ्या बापाला हिब्रूतून समजावलं की हे पॅकेज मागे घेऊन 'दोन' म्हणून काढा, म्हणजे हॉलला जुनं 'एक' परत मिळेल. एलिएझरला ते कळत होतं. पण मेव्हण्याने महिने हलवले म्हणून आपला नंबर हलवायचा, म्हणजे आतलं काम उझीचं हे जगजाहीर करायचं.

ओरा लोणचं वाढत म्हणाली, "उझीची बायको, आपली शुलामितवहिनी, दर वर्षी आंब्याचं पाठवते, मी माझ्या बरणीत भरते. यंदा तिने लिंबाचं पाठवलं. बरणी माझीच आहे, पण वरची चिठ्ठी बदलली की नाही मी?"

एलिएझरचा घास थांबला. "लोणचं वहिनीचं?"

"अकरा वर्षं."

याफितने हिब्रूत सांगितलं की हे तिला माहीत होतं.

एलिएझर हात धुऊन कॉम्प्युटरवर जाऊन बसला. भात पार निवल्यावर परत आला.

"दोन केलंय. खाली उझीचं नाव घातलंय," तो म्हणाला. "आणि आजपासून या घरात बरणीवर शुलामितचं नाव राहील."