आबांच्या मशीनचा स्विच

माझे सासरे सर्जेराव, म्हणजे आमचे आबा, देवावरसुद्धा एकदम विश्वास ठेवत नाहीत. मला बघायला आले तेव्हा बाकीचे पोहे खात होते आणि हे माझे हात बघत होते. "आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलंय म्हन्ता, मग हाताला एक बी घट्टा कसा न्हाय?" असं त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं. मीच मधे बोलले, "पक्कड नीट धरली की घट्टे पडत नाहीत." लग्न ठरलं, पण शंका काही गेली नाही.

आबा साखर कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लासुर्ण्याच्या आमच्या वस्तीवर पत्र्याची शेड उभी केली आणि इंदापूरच्या एका बंद वखारीतून लाकूड कापायचं जुनं मशीन भंगारात आणलं. ओतीव लोखंडाचं टेबल, त्यातून वर आलेलं गोल पातं, आणि गंज असा की मूळ रंग हिरवा की निळा यावर बापलेक दोन दिवस भांडले. लेक म्हणजे दिग्विजय, माझा नवरा. पूर्वी ते इंजिनावर पट्ट्याने चालायचं. आबांनी पात्याचा शाफ्ट घासून आणला, बेरिंगं बदलली, रीतसर अर्ज करून तीन तारांची थ्री फेज मोटार जोडली. बेरिंग घेताना बारामतीच्या दुकानात अर्धा तास ते कानाशी धरून फिरवत होते. दुकानदार वैतागून म्हणाला, "अहो, कंपनीचं आहे." आबा म्हणाले, "खोकं कंपनीचं हाय. आतलं कुनाचं?"

शेडची किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला. शिवाय जाताना उंबऱ्याशी बारीक भुसा पसरून ठेवायचे, कुणाचं पाऊल उठलं तर कळावं म्हणून.

गेल्या भाद्रपदात आठ-दहा दिवस पाऊस लागून राहिला. त्यातच शिवाराला वीज देणारी डीपी जळाली आणि वायरमनने दुसरी बसवली. उसाला पाणी नको होतं, त्यामुळे कुणाचीच मोटार चालू नव्हती. स्वयंपाकघराचा पत्रा गळायला लागला म्हणून मी आबांकडून किल्ली मागून शेडमधली शिडी आणली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीन चालू केलं तर पातं उलटं फिरलं. सरळ फिरताना पात्याचा नट आवळत जातो, उलटं फिरलं की सुटतो. तो सुटून टाणकन पत्र्यावर आदळला आणि मोकळं पातं शाफ्टवर खडखडलं. आबांचा हात वीतभर लांब होता म्हणून वाचला.

पांढरेफटक होऊन ते ओसरीवर आले. "मोटारीच्या वायरी उलट्या केल्यात. हितं तारंतलं कुनाला कळतं?"

घरात तसं माणूस एकच.

"किल्ली काल कुनी नेली? आन मशीन इकून टाका, बोटं जातील, आसं जेवताना कोन म्हनत हुतं?"

मी म्हटलं होतं, खोटं कशाला बोलू? "आबा, मी तुमच्या जिवावर उठलेय का?"

"तसं मी म्हनलो न्हाय," ते म्हणाले, पण बघत होते माझ्या हातांकडेच. दिग्विजयने खाली मान घातली. त्याचा तर मला जास्त राग आला. पुन्हा त्या शेडच्या उंबऱ्याला पाय लावला तर नावाची श्रेया नाही, असं सगळ्यांसमोर सांगून मी आत गेले.

आबांनी मोटारीच्या दोन वायरींची अदलाबदल करून पातं पुन्हा सरळ फिरवलं, नवा नट आणला, कुलूपही बदललं. मी दिलेला चहा आधी वास घेऊन पिऊ लागले. मलाही मग तोच रोग लागला. ते खोकले तरी मला टोमणा वाटायचा.

चार दिवसांनी ऊन पडलं. शेजारचा गोकुळ बांधावरून ओरडला, "वैनी, आबास्नी सांगा, सगळ्या शिवारातल्या मोटारी उलट्या फिरत्यात. डीपी बसवताना फेज उलटं लागलं. वायरमन आलाय, आत्ता सरळ करतोय!"

घरातले दिवे-पंखे एका फेजवर चालतात, त्यांना उलटसुलट कळत नाही. पण पस्तीस वर्षांच्या फिटरला? मोटार उलटी फिरली तर पहिला संशय फेजवर घ्यायचा, यांनी सुनेवर घेतला! रात्री जेवताना काय काय सुनावायचं ते मी कणीक मळता मळता जुळवत होते. मोठी मजा वाटत होती. तेवढ्यात पंखा थांबला. वायरमन डीपीवर चढला असणार.

आणि मला आठवलं. आबांनी वायरी बदलल्या होत्या. आता फेज सरळ झाले की शिवार सुधारणार आणि एकटं आबांचं मशीन उलटं फिरणार.

पंखा पुन्हा फिरायला लागला. मी कणकेच्या हातांनी पळत सुटले. आबा फळी धरून बटणाकडे हात नेत होते. मी आत शिरून दाराशेजारचा मेन स्विच खाली ओढला.

"गावलीस!" आबा ओरडले. "आता तरी म्हन, मी न्हाय म्हनून!"

"पातं काढा, मग चालू करा. काढा म्हणते ना!"

त्यांनी काढलं, पण मला दाराबाहेर उभं करून. मग बटण दाबलं. मोकळा शाफ्ट उलटा फिरला. मी डीपीचं सांगितलं. आबा फळीवर बसले. "फेज," एवढंच म्हणाले. मग उठून बटण बंद केलं आणि म्हणाले, "मला फेज सुचलं न्हाय." मला रडू फुटलं, आणि ते रागाचं होतं.

माफीबिफी काही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र शेडपासून स्वयंपाकघरापर्यंत वायर ओढली आणि माझ्या ओट्याच्या वर, खिडकीशेजारी, एक स्विच बसवला. "ह्यो टाकल्याबिगर मशीनला लाईट जायाची न्हाय," म्हणाले आणि निघून गेले.

किल्ली अजून करगोट्यालाच आहे. उंबऱ्याशी भुसाही असतो. पण रोज काम सुरू करायच्या आधी आबा पात्याचा नट आवळतात, ते मला खिडकीतून दिसतं. तेव्हा त्यांची दहाही बोटं पात्यापाशी असतात आणि स्विच माझ्या हाताशी. ते वळून बघतसुद्धा नाहीत.