घरची गाडी

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, जावयाला फार मान देत. मला "जवाईबापू" म्हणत, "तुमी" म्हणत, पहिली पोळी माझ्या ताटात पडल्याशिवाय स्वतः घास घेत नसत. आणि जेवण झालं की म्हणत, "जवाईबापू, जरा ढकला." मग मी हात धुऊन त्यांची फटफटी अंबागेटच्या दिशेनं ढकलत नेई. पहिल्या दिवाळसणाला सासरचंच नवं उपरणं खांद्यावर टाकून मी त्या यंत्रामागे धावलो, तेव्हा रस्त्याकडेच्या फुलवाल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. फटफटी सुरू झाल्यावर मामाजी मागे वळूनही पाहत नसत. हा माणूस मला आवडत नसे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याची फसगत होणार नाही.

मामाजींची अमरावतीला कापसाची अडत होती. फटफटी त्यांनी बदली होऊन गेलेल्या एका इंग्रज साहेबाकडून घेतली होती, आणि तिच्याबरोबर साहेबाचा तोराही घेतला असावा. रस्त्यावर जो आडवा येईल तो चुकला, हा त्यांचा कायदा. बडनेऱ्याच्या रस्त्यावर एकदा कोंबडी चाकाखाली आली. मालकीण ओरडत आली, तर उलट तिलाच म्हणाले, "फटफटी वेशीबाहेरून ऐकू येते. तुह्या कोंबडीले कान नाही काय?" एका पोळ्याला तर सजवलेल्या बैलांच्या रांगेशेजारून त्यांनी भोंगा वाजवत गाडी काढली. बैल उधळले, झुली चिखलात गेल्या, तोरण तुटलं. पाटील संतापून घरी आले. मामाजींनी त्यांना चहा दिला आणि बैलांना वळण नाही म्हणून पाटलांचीच कानउघाडणी केली.

कापसाच्या हंगामात ते दर आठवड्याला अकोल्याला जात. रेल्वे होती, बडनेऱ्याला गाडी बदलली की सरळ अकोला. पण मामाजींचं एक वाक्य ठरलेलं होतं, "घरची गाडी असताना रेल्वेले पैसे कावून द्याचे?" मी कचेरीत हिशोबनीस. पेट्रोल, टायर, दुरुस्ती असं सगळं धरून फटफटी तिकिटापेक्षा महाग पडते, हे मी त्यांना एकदा कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद वाचला, घडी केली आणि डळमळत्या पाटाखाली सरकवला. "हिशोब कचेरीत करा, जवाईबापू. घरात मी हाय."

सासूबाईंचं माहेर अकोल्याचं. म्हातारी आई भावाकडे राहत होती. मामाजी सासूबाईंनाही मागे बसवून नेत. त्या एका अंगावर बसायच्या, एका हातानं सीट धरायची, दुसऱ्या हातानं पदर. एकदा मूर्तिजापूरच्या अलीकडे, पुढची कापसाची बैलगाडी बाजूला होत नाही म्हणून चिडून, मामाजींनी रस्ता सोडून काळ्या मातीत फटफटी घातली. ती घसरली. सासूबाईंचा डावा हात कोपराजवळ मोडला. हाड बसवणाऱ्यानं तो वाकडाच बसवला. मी भेटायला गेलो तेव्हा मामाजी अंगणात वाकून पाहत होते, पायदान किती वाकलं ते. बायकोच्या हाताबद्दल त्यांनी ना त्या दिवशी शब्द काढला, ना नंतर.

त्यानंतर सासूबाई फटफटीवर बसल्या नाहीत. मामाजींनी रेल्वेचं तिकीट काढलं नाही. हात मोडल्याचं आईला कळवायचं नाही, असं सासूबाईंनी सगळ्यांना बजावलं होतं. वर्षं जाऊ लागली. मग लढाई आली, पेट्रोल मिळेना, आणि फटफटी परसातल्या सरकीच्या गोदामात पोत्यांआड गेली. आता तरी रेल्वे, असं मला वाटलं. मी तसं बोलून दाखवलं. "गाडी काय विकली काय?" मामाजी गरजले. "लढाई संपली का निघन. तवा जाऊ." स्वतः मात्र ओळखीच्या व्यापाऱ्याच्या लॉरीत बसून अकोल्याला जात. अकोल्याहून निरोप येई की आईची नजर गेली, आता आवाजावर माणसं ओळखते. सासूबाई निरोप ऐकत आणि भाकरी थापत राहत.

गोदामात ठेवताना मामाजींनी त्यांना ताकीद दिली होती, दर शुक्रवारी प्लग काढून आत एरंडीचं तेल सोडायचं, बाहेरूनही चोळायचं. सासूबाई ते न चुकता करत. मामाजी कधीतरी दारातून डोकावत. फटफटी आरशासारखी चमकत असे. "पाहा जवाईबापू," ते मला म्हणाले होते, "बायकोले काम सांगावं तर असं."

लढाई संपली, पेट्रोल मिळू लागलं. एका रविवारी मला बोलावणं आलं. पोती बाजूला करून मी फटफटी अंगणात काढली. चाकं फिरली. पण मामाजींनी किकवर पाय दिला तर ती हलेना. त्यांनी टाकीला लाथ घातली, मला शिवी दिली, आणि मग सगळं अंग टाकून किकवर उभे राहिले. कडकन आवाज झाला आणि दांडा मोडून हातभर लांब पडला. मिस्त्री आला. त्यानं प्लग खोलला, आत बोट घातलं आणि सासूबाईंकडे पाहिलं. आतून सगळं पिवळ्या, कडक सालीनं जाम झालं होतं.

मामाजींनी बोट लावून वास घेतला. "जवस?"

जवसाचं तेल वाळलं की लाखेसारखं घट्ट होतं, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दारांच्या चौकटींना आम्ही तेच लावतो.

"एरंडी संपली होती काय घरातली?" मामाजींनी विचारलं.

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "एरंडी भरपूर होती. म्या जवसच टाकलं. जाणून टाकलं. तुमी म्हणत होते, घरची गाडी असताना रेल्वे कावून. आता नाही गाडी. मले माह्या मायले भेटाचं हाय."

मिस्त्री हत्यारं गोळा करू लागला. जाताना एवढंच म्हणाला, की या गाडीचे भाग आता मुंबईतही मिळायचे नाहीत.

मामाजी माझ्याकडे वळले. "तुमाले माहीत होतं, जवाईबापू?"

"नाही. माहीत असतं तर तेलाचा डबा मीच आणून दिला असता."

"तुमच्याकडून दुसरी आशाच नव्हती," ते म्हणाले आणि घरात गेले. मला वाटलं, आता भांडी फुटतील. पण आतून आवाज आला तो एवढाच, "पेटी भर. सकाळची गाडी हाय."

पेटी उचलायला अर्थातच मी. बडनेऱ्याला गाडी बदलताना मामाजी हमालाशी भांडले, डब्यात खिडकीवरून एका मारवाड्याशी भांडले, मूर्तिजापूर आलं तेव्हा उलट्या बाजूला तोंड करून बसले. सासूबाई बाहेर पाहत होत्या.

अकोल्याला म्हातारी ओसरीवर बाजेवर बसली होती. सासूबाई "माय" म्हणत पाया पडल्या. आवाज ऐकून म्हातारीनं लेकीचं तोंड चाचपलं, खांदे चाचपले, मग हात. डाव्या कोपराशी तिची बोटं थांबली, पुन्हा मागे गेली, पुन्हा तिथेच आली.

"हे काय वं?"

"विहिरीवर घसरली होती, माय. जुनं हाय."

मामाजी पायरीवर जोडे काढत होते. तिथूनच ओरडले, अगदी कोंबडीवालीवर ओरडले होते तसे, "खोटं कावून बोलून राहिली मायजवळ? म्या पाडलं तुले! फटफटीवरून पाडलं!"

म्हातारीनं लेकीचा हात सोडला नाही. आवाज आला तिकडे तोंड वळवून, डोक्यावरचा पदर सारखा करत ती म्हणाली, "जवाईबापू, यापुढं तिले रेल्वेनंच आणत जा."

"हो," मामाजी म्हणाले, आणि नुकतेच काढलेले जोडे परत पायात घालू लागले.