कोल्हा एक्स-रे काढत नाही

माणूस आणि मुकं जनावर यांच्यातलं नातं पैशापलीकडचं असतं, असं आमच्या कॉलनीतले नानासाहेब नेहमी म्हणत. जनावराला डॉक्टरकडे न्यायची वेळ आली की विशेष ठामपणे म्हणत.

नाना एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा मारून ते पुढं ढकलल्यावर उतारवयात आपणही काही कार्यवाही करावी, असं त्यांच्या मनानं घेतलं. आणि त्यासाठी त्यांनी तक्रार करू न शकणारा वर्ग निवडला. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आमची कॉलनी. तिथल्या यच्चयावत कुत्र्यामांजरांचे ते घरगुती वैद्य झाले. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात त्यांचा सगळा दवाखाना मावत असे: हळद, खायचा चुना, तंबाखू, डांबरगोळ्या, जुन्या धोतराच्या पट्ट्या आणि स्वतःच्या दुखण्याखुपण्यातून उरलेल्या गोळ्या. गोळ्या कशाच्या हे पाकिटावर छापलेलं असे, पण डबा घेऊन निघताना नाना चष्मा हमखास घरी विसरत.

मी कॉलनीत राहायला आलो त्याच आठवड्यात माझी मांजर कान फाडून घेऊन आली. ओळख करून घ्यायला म्हणून नाना आले आणि खुर्चीवर टेकायच्या आत डबा उघडून बसले. मांजरीला कालच डॉक्टरांकडे नेऊन टाके घातले, असं मी सांगितल्यावर, चांगल्या घरातला मुलगा वाईट संगतीला लागलेला पाहावा तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, तुम्ही कॉलेजात शिकवता. मला एक सांगा. रानात कोल्ह्याचा पाय मोडला तर कोल्हा काय एक्स-रे काढतो का?"

मी नाही म्हणालो.

"मग?" असं म्हणून ते विजयी मुद्रेनं चहा पिऊ लागले.

हे वाक्य पुढं मी इतक्यांदा ऐकलं की तो कोल्हा मला कॉलनीतलाच एक रहिवासी वाटू लागला. कोल्हा एक्स-रे काढत नाही हे खरंच आहे. तो मरतो. नाना एवढाच भाग गाळत. स्वतःचा गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा मात्र ते पुण्याला जाऊन एमआरआय काढून आले आणि ते भलंमोठं पाकीट काखेत मारून बरेच दिवस कॉलनीत फिरत राहिले. त्या दिवसांत कोल्ह्याचा विषय निघाला नाही.

नानांच्या उपचारांचं एक वैशिष्ट्य होतं. जनावर बरं झालं तर ते हळदीमुळं, आणि मेलं तर ते त्याच्या आयुष्याची दोरी तेवढीच म्हणून. मागच्या बंगल्यातल्या शिंदेवहिनींची मांजर एकदा तापानं फणफणली. नानांनी तिला आपल्या डब्यातली तापाची अर्धी गोळी दुधातून पाजली. दुसऱ्या दिवशी मांजर धापा टाकू लागली, आणि वहिनी तिला टोपलीत घालून दवाखान्यात पोहोचेपर्यंत आटोपलं. माणसाची तापाची गोळी मांजराला विष असते, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. वहिनींनी ते येऊन नानांना सांगितलं.

"मग माणसाला बरी चालते?" नानांनी विचारलं.

याचं उत्तर अवघड नव्हतं. ते ऐकून घेणारा माणूस समोर नव्हता, एवढंच. "सुटली बिचारी," असं म्हणून नानांनी हात जोडले आणि वहिनींच्या अंगणात मांजरीच्या खड्ड्याशी उभं राहून जीवनाच्या नश्वरतेवर दोन शब्द सांगितले. दोन म्हणजे नानांचे दोन. वहिनींचा मुलगा तोवर खड्डा बुजवून आंघोळीला गेला होता.

नानांच्या घरी स्वतःचं एक कुत्रं होतं. सांगलीला दिलेल्या त्यांच्या लेकीनं जतकडून आणलेलं करवानी: लांब तोंडाचं, सडपातळ, पळताना जमिनीला पाय लावतं की नाही असं वाटायला लावणारं. नानांनी त्याचं नाव 'सरदार' ठेवलं होतं. ते नाव घेऊन ते फाटकातून खणखणीत हाका मारत, आणि कुत्रं आपण त्या गावचेच नसल्यासारखं पडून राही. मग आतून काकू हळूच "बाळ्या" म्हणत आणि ते बाणासारखं स्वयंपाकघरात शिरे. काकू म्हणजे नानांची बायको. फार बोलायच्या नाहीत. नाना एकटेच दोघांच्या वाटणीचं बोलत असल्यानं त्यांना तशी गरजही पडली नव्हती. पण संध्याकाळी बाळ्याला फिरवून आणताना त्या त्याच्याशी वाटभर बोलत असत. ते मी मागून चालताना ऐकलं आहे.

अशा या नानांना आमच्या भागातल्या एका मंडळानं 'प्राणिमित्र' म्हणून गौरवायचं ठरवलं. मंडळाच्या अध्यक्षांना नगरपालिकेला उभं राहायचं होतं आणि निवृत्त लोकांचा पाठिंबा हवा होता, एवढाच त्याचा प्राण्यांशी संबंध. चौकात लावायच्या फ्लेक्सवर नानांचा फेट्यातला फोटो, शेजारी सरदार आणि खाली 'मुक्या जिवांचा बोलता आधार' अशी ओळ होती. ही ओळ कुणी सुचवली, असं मी अध्यक्षांना विचारलं. "त्यांनीच दिली लिहून," अध्यक्ष म्हणाले.

सत्काराच्या काही दिवस आधी टेम्पोतून फ्लेक्सचा लोखंडी सांगाडा आला. तो उभा करताना पोरांच्या हातून निसटला. शेजारी बाळ्या हुंगत उभा होता. सांगाडा त्याच्या पुढच्या पायावर पडला.

मी आवाज ऐकून बाहेर आलो तेव्हा नाना डबा घेऊन पोहोचले होते. पाय नको तिथं वाकला होता. नानांनी त्यावर हळद-चुन्याचा लेप थापला, बांबूच्या कामट्या लावल्या आणि धोतराची पट्टी घेऊन ती आवळायला सुरुवात केली. फायलींचे गठ्ठे बांधण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. हात तयार होता.

"आवं, हाड मोडलंय त्याचं," काकू म्हणाल्या. "डॉक्टरकडं न्या."

"कोल्हा काय एक्स-रे काढतो का?"

"त्ये कोल्हं न्हाई. आपला बाळ्या हाय."

नानांनी आणखी एक वेढा घेतला. अडचण अशी होती की सत्काराच्या पत्रिकेत 'पारंपरिक घरगुती उपचारांचे पुरस्कर्ते' असं छापलेलं होतं, आणि पुरस्कर्त्याचंच कुत्रं सत्काराच्या तोंडावर दवाखान्यात दिसणं बरं दिसलं नसतं. हे ते बोलले नाहीत. उलट त्यांना त्यात एक संधी दिसली. "सरदारला तसाच व्यासपीठावर घेऊ," ते अध्यक्षांना म्हणाले. "लोकांना प्रत्यक्षच दाखवू." अध्यक्षांना कल्पना पसंत पडली.

पुढच्या दिवसांत बाळ्याचा पंजा सुजत गेला. पट्टीखाली बोटं टम्म झाली, मग गार पडली. त्यानं खाणं सोडलं. काकू माझ्याकडे आल्या. त्या आजवर माझ्या घरी कधी आल्या नव्हत्या.

"सर, तुमी सांगून बघा त्येंना. माझं न्हाई ऐकत. पंजाला हात लावला तर दगडावाणी गार लागतोय."

मी गेलो. नाना आरशासमोर भाषण म्हणत होते. गाडी काढतो, तासाभरात दाखवून आणू, असं मी म्हणालो. सूज म्हणजे शरीर कामाला लागल्याची खूण असते, असं त्यांनी मला समजावलं. पट्टी निदान सैल करा, असं म्हणालो. "परवा सत्कार झाला की सोडतोच आहे," ते म्हणाले. दाराशी बाळ्या पडला होता. त्यानं शेपटीचं टोक एकदा हलवलं. तेही माझ्यासाठी नव्हतं; काकू पाणी घेऊन आल्या होत्या.

सत्कार दुपारी होता. भाषणं झाली. एका वक्त्यानं नानांची तुलना थेट ऋषिमुनींशी केली आणि ऋषिमुनींकडून कुणी उभं राहिलं नाही. शाल, श्रीफळ, फेटा झाला. मग दोघांनी सतरंजीच्या चार टोकांना धरून बाळ्याला व्यासपीठावर आणलं. नाना माईक घेऊन त्याच्या शेजारी बसले.

"मित्रहो, हा पाय पाहा," ते म्हणाले, आणि सगळ्यांना दिसावा म्हणून त्यांनी तो पाय धरून वर उचलला.

बाळ्या जन्मात कुणाला चावला नव्हता. पोस्टमनलासुद्धा. तो नानांना चावला. उजव्या हाताचं मधलं बोट, आणि बराच वेळ.

माईक चालू होता. आयुष्यभर कमावलेली कचेरीची भाषा नानांना त्या क्षणी सोडून गेली. "मेलो! आवं डॉक्टर बोलवा की रं कुणीतरी! गाडी काढा! मोठ्या दवाखान्यात न्या मला, मोठ्या!"

पहिल्या रांगेतून शिंदेवहिनी शांतपणे उठल्या. "नाना, हळद आणू का?"

"चुना हाय माझ्याकडं," मागून एकानं खिशातली डबी वर केली. "ताजा हाय, गड्या!"

मंडळाच्या गाडीनं नानांना नेलं. काकू बरोबर आहेत की नाही, हे त्या गडबडीत कुणी पाहिलं नाही. त्या बाळ्याजवळ सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी गाडी आणायला गेलो.

शिंदेवहिनींच्या मांजरीच्या वेळच्याच डॉक्टरीणबाई दवाखान्यात होत्या. त्यांनी कात्रीनं धोतराची पट्टी कापली. आत काय होतं ते लिहीत नाही; वासानं मी दोन पावलं मागं सरलो. काकू सरल्या नाहीत.

"फ्रॅक्चर साधंच होतं हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याच दिवशी आणला असता तर प्लास्टर घालून सोडला असता. पाय मोडल्यानं नाही गेला, आवळल्यानं गेलाय. आता काढावा लागेल, नाहीतर विष अंगभर पसरेल."

"जगंल का?"

"आज केलं तर."

"मग आजच करायचं."

ती सोय सांगलीच्या दवाखान्यात होती. डॉक्टरीणबाईंनी तिथं फोन केला, सलाईन लावून दिलं आणि खर्चाचा अंदाज जरा चाचरतच सांगितला. "ह्या महिन्याची भिशी माझी हाय," काकू म्हणाल्या. एवढंच.

आम्ही निघालो. बाळ्याचं डोकं काकूंच्या मांडीवर, सलाईनची बाटली त्यांच्या उंच धरलेल्या हातात. कराडच्या पुढं त्यांचा फोन वाजला. दुसरा हात मोकळा नसल्यानं तो मी स्पीकरवर लावून दिला.

"अगं कुठं हायस तू?" नाना. "बोटाला टाकं घातल्यात. मला रूम दिली हाय, पण एसी चालत न्हाई. कवा येतीस?"

"तितं नर्सबाया हायेत तुमाला," काकू म्हणाल्या. "ह्याला मीच हाय."

 नानांचा आवाज बराच खाली आला. "डॉक्टर इचारत्यात, त्याला लस दिलीती का म्हून. पिसाळल्याची."

लस म्हणजे परदेशी कंपन्यांचा धंदा, असं नाना कॉलनीभर सांगत आले होते. मी आरशातून मागं पाहिलं. काकूंच्या चेहऱ्यावर मी प्रथमच काहीतरी मजेशीर पाहिलं.

"दिलीया," त्या म्हणाल्या. "दरसाल देती. तुमी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाता न्हवं, त्या दिवशी."

बाळ्या वाचला. टाके निघेपर्यंत काकू सांगलीत लेकीकडे राहिल्या. टाके निघाल्यावरही राहिल्या. नानांनी खाणावळीच्या डब्यावर जेवून काही काळ तत्त्वानं काढला. या काळात ते भेटेल त्याला सांगत, की पाय गेला तो दवाखान्यात, पण जीव राहिला तो हळदीच्या लेपामुळं. मग डब्यातल्या आमटीनं त्यांचं पोट बिघडलं, आणि एके दिवशी घर भाड्यानं देऊन तेही सांगलीला गेले. त्यांना निरोप द्यायला कॉलनीत कार्यक्रम झाला नाही. चौकातला फ्लेक्स पावसाळ्यात शिंदेवहिनींनी जळणावर अंथरला. प्रत चांगली होती; थेंब आत गेला नाही.

मध्यंतरी सांगलीला गेलो तेव्हा त्यांच्या लेकीच्या घरी डोकावलो. काकू फाटकातून बाहेर पडत होत्या आणि पुढं बाळ्या तीन पायांवर पळत होता. वळणावर जरा झोकांडी जाई, पण पळणं करवान्याचंच होतं. नाना ओट्यावर बसले होते. बाळ्या त्यांच्या बाजूनं न जाता ओट्याला लांबून वळसा घालून गेला. नानांनी "सरदार!" अशी खणखणीत हाक मारली. शेजारच्या घरातलं कुणीतरी बाहेर डोकावलं.

औषधांचा डबा त्यांनी साताऱ्यातच टाकला होता, भाडेकरू त्यात खिळे ठेवतात. पण एक मोठं पाकीट ते आठवणीनं बरोबर घेऊन आले होते. ते त्यांनी आतून आणलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खिडकीपाशी नेलं आणि त्यातली काळी फिल्म उजेडासमोर धरली. मधल्या बोटाचा एक्स-रे होता. समोरून एक आणि बाजूनं एक. स्पेशालिस्टकडून काढून घेतलेला.

मी नीट पाहिला. हाडाला काहीही झालं नव्हतं.