दूरदेशी भत्ता

मस्कतजवळच्या बरका गावातल्या कंपनीच्या गोदामातून फोन आला तेव्हा मी गाडी चालवत होतो. "मिलिंददादा गेले... हार्ट अटॅक." गाडी कडेला घेतली आणि रडू यायच्या आधी रागच आला. त्या गोदामात दादांचं काय काम होतं? तीन आठवडे झाले, राग उतरलेला नाही.

दादा नागपूरचे, मी इम्तियाज, रत्नागिरीचा. मस्कतच्या एकाच बांधकाम कंपनीत नोकरी, तिथल्याच दार्सैत भागात शेजार. पगाराच्या श्रेणी ठरवणं हे त्यांचं काम. हुद्दा एकच असला तरी पासपोर्ट बघून पगार वेगळा, ही कंपनीची जुनी रीत. त्यात दादांना ब्रिटिश अमदानीतल्या पगारांचं वेड! "तेव्हा देशी आणि गोऱ्या कलेक्टरचा मूळ पगार सारखाच होता बरं का. पण गोरा घरापासून लांब, म्हणून त्याला वर भत्ता!" हे सांगताना चहाचा कप घेऊन घरभर फिरायचे. एका जागी बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

तेलाचे भाव कोसळले त्या वर्षी नव्या श्रेणी करायचा हुकूम निघाला. दादांनी पासपोर्टचा रकानाच उडवला. मॅनेजरने चक्क मान डोलावली आणि आम्ही शेजारीपाजारी पेढे वाटले. आठवड्याभरात तोच तक्ता दादांच्या सहीसाठी परत आला. शेवटी एक नवा रकाना होता... युरोपातून आलेल्यांना दूरदेशी भत्ता. भर मीटिंगमध्ये दादा म्हणाले, "सर, नागपूर काय दार्सैतला लागून आहे का?" कोणी हसलं नाही. संध्याकाळी मी समजावलं, "दादा, पोरीचं शिक्षण चालू आहे. सही करा, खलास!"

"माझ्या हाताने नाही रे होणार."

सही दुसऱ्याने केली. दादांची बदली बरक्याला झाली, सिमेंटच्या गोणी आणि लोखंड उतरवून घ्यायला. तरी दर शुक्रवारी माझ्याकडे येऊन येरझाऱ्या घालत म्हणायचे, "श्रेणी परत उघडतील, इन्शाल्ला. तयारीत राहू." हे ऐकून मला हसू यायचं, आणि मी त्यांचा कप पुन्हा भरायचो.

ते गेल्यावर कंपनीने मात्र सगळं चोख केलं. शवपेटी, विमान, थेट नागपूरच्या घरापर्यंतचा खर्च. मंजुरीवर सही त्याच मॅनेजरची होती. दादांचं घर लांब आहे, हे अखेर कंपनीने मान्य केलं... पण त्यासाठी त्यांना मरावं लागलं.