तिनं नवऱ्याचं नाव घेतलं

मित्रहो, बी.ए.चे वर्ग बंद आहेत, म्हणून मी कल्याणला प्लेगच्या छावणीत रोग्यांची यादी लिहितो.

आज सकाळी खडवलीची एक बाई नवऱ्याला शोधत एकटीच आली. मी नाव विचारलं.

"दादा, त्यांचं नाव मी कसं घेऊ?"

"मग सांगणारं कुणी घेऊन या."

माझी आईही वडिलांचं नाव घेत नाही. तरी यादी वाचून दाखवावी, म्हणजे ती बाई नवऱ्याच्या नावाला मान हलवेल, हे मला सुचलं नाही.

दुपारी ती पुन्हा एकटीच आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "धर्मा."

सकाळी धर्मा जिवंत होता. तासाभरापूर्वीच त्याला जाळलं होतं, त्याचं नावही मीच खोडलं होतं.

उद्यापासून शोधत येणाऱ्यांना यादी मोठ्यानं वाचून दाखवायची आहे. माझा आवाज निघत नाही. तुमच्यापैकी वाचायला कोण येतं?