हा गचका कोणाचा?

माझे सासरे आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासत आले होते. निवृत्त होऊन ते वाशीला आमच्याकडे राहायला आले तेव्हा लाल पेन छापखान्यात राहिलं, पण सवय सोबत आली. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, औषधाच्या खोक्यावरचा मजकूर, काही म्हणजे काही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. पुढे त्या तावडीत मी सापडले.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं असतील. नवरा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. त्यानं तीन मालक करून झालेली एक राखाडी गाडी घेतली. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगला लागून होता आणि पुढची सीट बाकासारखी सलग. वाशीत तेव्हा रस्ते आधी झाले होते आणि माणसं मागून येत होती. सेक्टरच्या सेक्टर नुसते विजेचे खांब आणि गवत. आपटायला काहीच नाही, तर शिकून घ्यावी म्हणून मी महिन्याभरात गाडी शिकले. शाळेत शिकवणाऱ्या बाईला शिकताही येतं, हे घरात दाखवून द्यायचं होतं.

शिकले खरी, पण माझ्या हातात गाडी धड निघत नसे. क्लच सोडला की बॉनेटखाली धाडकन आवाज व्हायचा, गाडी पुढे हिसका मारायची, कचरायची, पुन्हा हिसका मारायची. सासरे मागे बसलेले असत. ते रागवत नसत, फक्त मोजत. पहिल्या गिअरला "एक". दुसऱ्याला "दोन". बाजारात जाऊन येईपर्यंत आम्ही सहज तिशी गाठायचो.

नवरा चालवायचा तेव्हाही गचके बसत. पण ते "गाडी जुनी आहे" म्हणून, आणि माझे मात्र माझे! सासरे त्याचे मोजतही नसत. हे काय, असं मी एकदा जेवताना विचारलं, तर ते वरणात भात कालवत म्हणाले, "त्याचं मुद्रित तपासणं मी तो दहावीत असतानाच सोडून दिलं."

गाडीत काहीतरी बिघाड आहे असं मी म्हटलं की नवऱ्याचं उत्तर तयार असे: "नाचता येईना, अंगण वाकडं." मला त्या म्हणीचा इतका राग येऊ लागला की त्या वर्षी वर्गात ती आली तेव्हा मी मुलांना "घरून वाचून या" म्हणून पान उलटलं.

मग सासऱ्यांचा मोतीबिंदू पिकला. उजवा डोळा लहानपणी देवी आल्या तेव्हाच गेलेला. सगळा संसार डाव्या डोळ्यावर, आणि ऑपरेशन त्याचंच. दादरच्या एका दवाखान्यात तारीख मिळाली. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून बजावलं, "डोळ्याला टाके असतील. आठवड्यानं घरी न्या, पण खोकायचं नाही, वाकायचं नाही, आणि गाडीत धक्का तर मुळीच बसता कामा नये. टाका सुटला तर डोळा हातचा जाईल."

परत येताना गाडी मी चालवत होते.  खाडीचा पूल ओलांडल्यावर सासरे इतकंच म्हणाले, "एकच प्रत आहे. फाटली तर दुसरी नाही." त्या दिवशी त्यांनी एकही गचका मोजला नाही. मला त्यांच्या मोजण्याचा वैताग यायचा, पण न मोजण्याची भीती वाटली.

बसच्या हाडं खिळखिळी करणाऱ्या सीटवर त्यांना बसवणं शक्य नव्हतं. टॅक्सीवाले खाडीपलीकडचं नाव काढलं की मान फिरवत. म्हणजे आमचीच गाडी. शेवटी रविवारी नवऱ्यानं बॉनेट उघडलं. इंजिन ज्यांवर टेकलेलं असतं ती रबरं म्हणजे माउंटिंग. दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये चिकटवलेला रबराचा जाड तुकडा. त्यातलं एक तेल पिऊन फुगलं होतं आणि मधोमध फाटलं होतं.

"बघ," नवरा म्हणाला, "तुझ्या गचक्यांनी फाटलं."

माझ्या हातात पाना होता, तो मी आधी खाली ठेवला.

इंजिनिअर माणूस दुकानात जाऊन रबर विकत आणेल तर त्याच्या पदवीचा अपमान. त्यानं कारखान्यातल्या भंगारात काढलेल्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे आणले, एकावर एक चार थर रचले, आरपार बोल्ट घातले आणि जीव खाऊन आवळले. "आता हत्ती जरी ओढायला लावला तरी हलणार नाही!" खरंच हलेना. धाडधाड बंद झाली. पण सगळी गाडी पिठाच्या गिरणीसारखी थरथरायला लागली. आरशात मागचा रस्ता दिसेना, बोलताना शब्दांचे तुकडे पडू लागले, डॅशबोर्डातल्या कप्प्याचं झाकण आपोआप उघडून माझ्या गुडघ्यावर आपटू लागलं. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत. नवऱ्यानं मोठ्या अभिमानानं मागे विचारलं, "बाबा, आता किती?"

"मोजता येत नाही," सासरे म्हणाले. "सलग आहे."

ऑपरेशनला दहा दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मीच गाडी तुर्भ्याला नेली. तिथं ट्रकच्या रांगेमागे एक गॅरेज होतं. मालक, तोच मेकॅनिक, मूळ तिथल्याच गावचा, साठीचा. शेती नव्या शहरात गेली आणि त्यानं पाने हातात घेतले. नवरा कारखान्यातून परस्पर तिथं आला, माझ्या मदतीला कमी आणि बेल्टच्या बचावाला जास्त.

मेकॅनिकनं बॉनेट उघडलं आणि बेल्टच्या थरांवरून बोट फिरवलं. "यो कोनी केला?"

"मी," नवरा म्हणाला.

"बोल्ट आरपार घातलाव, मंग रबर कशाला? इंजान हाय ते, हलनारच. त्याला हलू द्याचा, पन उडी मारू द्याची नाय. तुमी बांदून टाकलाव, आता त्याच्याबरोबर सगली गाडी हलते."

मी डिकीतून जुनं फाटकं रबर काढून त्याला दिलं आणि विचारलं, "हे माझ्या क्लचनं फाटलं का?" तो हसला. "थांब बाय, दाकवतो." त्यानं बेल्ट काढला, जुनं रबर तात्पुरतं बसवलं, नवऱ्याला गाडीत बसवलं आणि मला बॉनेटपाशी उभं केलं. "साहेब, ब्रेक दाबून धरा. पैला गिअर टाका, आन क्लच जरासा सोडा."

क्लच सुटू लागला तसं इंजिन फाटक्या बाजूनं उठलं, धाडकन खाली बसलं, पुन्हा उठलं. त्याला जोडलेली ॲक्सिलेटरची सळई प्रत्येक उडीबरोबर ओढली जात होती. इंजिन आपलं आपणच गुरगुरत होतं.

"अहो, पाय कुठाय तुमचा?" मी ओरडून विचारलं.

"ब्रेकवर!"

"ॲक्सिलेटर कोण दाबतंय मग?"

 अंगण खरोखरच वाकडं होतं! सहा महिने मी न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होते, आणि त्या तेलकट गॅरेजात मला इतका आनंद झाला की मी मेकॅनिकला चहा सांगितला आणि नवऱ्याला विसरले.

पण मेकॅनिकनं मलाही सोडलं नाही. नवं रबर आणायला शेजारच्या दुकानात गेलो. समोर तीन प्रकार ठेवले होते. नवऱ्यानं सवयीनं सगळ्यात टणक उचललं. "ह्यो कपाटातच म्हातारा झाला," मेकॅनिक म्हणाला. दुसरं अंगठ्याखाली लोण्यासारखं दबलं. तेही नको, इंजिन पुन्हा उड्या मारणार. तिसऱ्यात त्यानं मला नख रुतवायला लावलं. खूण उमटली आणि बघता बघता भरून आली. मग रबर पट्टीला जिथं चिकटतं तिथं नखानं उचकटून पाहिलं, सुटलं नाही. "ह्यो घ्या. आन जोडीनं घ्या. एक नवा एक जुना, मंग इंजान वाकडा बसतो." बसवतानाही त्यानं बोल्ट आधी सैलच ठेवले, गाडी चालू करून इंजिनाला स्वतःची जागा शोधू दिली आणि मगच आवळले.

शेवटी हात पुसत मला म्हणाला, "बाय, इहिरीवर पानी काडलाय का कदी? भरलेली बालदी झटक्यानं वडली त काय होतं?"

"दोर तुटतो, नाहीतर बादली हिंदकळते."

"तसाच. इंजानापासून मागल्या चाकापरेंत सगलीकडं थोडा थोडा ढिला असतो. आदी तो तानून घ्याचा, मंग वजन घ्याचा. क्लच अर्ध्यावर आला का एक श्वास थांबायचा. तू थांबत नाय."

थांबत नव्हते, हे खरं. घरीही कुठं थांबते?

उरलेल्या दिवसांत रोज संध्याकाळी खाडीच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यांवर आमची तालीम चाले. मागच्या सीटवर, सासऱ्यांच्या जागी, नवऱ्याला बसवत असे. मांडीवर काठोकाठ भरलेलं ताकाचं पातेलं. झाकण न ठेवता. म्हणीचा सूड होता तो, मी नाकारत नाही. पहिल्या दिवशी पँट भिजली. दुसऱ्या दिवशी तो जुना लेंगा घालून आला. सहाव्या दिवशी पातेलं होतं तसं घरी आलं आणि आम्ही त्याची कढी केली.

ऑपरेशन नीट झालं. आठवड्यानं आम्ही दोघं त्यांना आणायला गेलो. डाव्या डोळ्यावर जाड पट्टी, म्हणजे त्यांच्या लेखी मिट्ट काळोख. एका हातानं माझा खांदा धरून ते पायऱ्या उतरले. नवरा ड्रायव्हरच्या दाराशी किल्ली घेऊन उभा. शेवटी वडील त्याचे, जबाबदारी त्याची, असं त्याला वाटलं असेल.

"चालवतंय कोण?" सासऱ्यांनी विचारलं.

"मी, बाबा."

"मग मी बसनं येतो."

नवऱ्यानं किल्ली माझ्या हातात दिली. मी घामेजलेले तळवे पदराला पुसले. क्लच अर्ध्यावर आणला आणि नेमकी तिथंच एक श्वास थांबायला विसरले. गाडीनं बारीकसा हिसका दिला.  मी आरशात पाहिलं. त्यांचा हात पट्टीकडे गेला होता.  मग खाली आला.

त्यानंतर मी शीव, चेंबूर, मानखुर्द कशी पार केली ते सांगता येणार नाही. प्रत्येक सिग्नलला दोर ताणून घेत होते, मग बादली. खाडीच्या पुलावर लोखंडी सांधे आले. ते टाळता येत नाहीत, फक्त हळू घेता येतात. पहिल्या सांध्यावर चाकं टपकन वाजली आणि मी जीभ चावली.

मागून आवाज आला, "हा पुलाचा. तुझा नाही."

माझ्या डोळ्यांसमोरचा रस्ता धूसर झाला. पुसायला हात नव्हता. तशीच चालवत राहिले.

इमारतीखाली गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. वळून पाहायचं धैर्य नव्हतं. समोर बघतच विचारलं, "मामंजी, किती?"

"पुलाचे सात," ते म्हणाले. "रस्त्याचे अकरा, त्यातले दोन हंबरणाऱ्या म्हशीसाठी. तुझा एक, दवाखान्याच्या दारात."

"डोळा?"

"आहे. जागच्या जागी आहे."

खोटं बोलून शून्य म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला नसता. आयुष्यात कुणाला न दिलेली सवलत त्यांनी मलाही दिली नव्हती, आणि म्हणूनच तो एक मला पदकासारखा वाटला. इतक्या दिवसांची भीती एकदम बाहेर आली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागले, आणि माझं कपाळ नेमकं हॉर्नवर पडलं. सगळ्या गॅलऱ्यांमधून माणसं डोकावली.

"दोन," सासरे म्हणाले.