मोहरीच्या दोन ओळी

आक्काबाई पत्ताकोबीचं पान उलटायची ते मेंढीचा कान उलटावा तसं. कानामागं गोचीड, पानामागं अळी. तिच्या लेखी काम एकच. फुलंब्रीच्या रस्त्याला तिच्या सासरचा कळप चरायचा, तिथं आता प्लॉटिंगचे दगड रोवले होते. दीडशे मेंढ्यांपैकी सहा उरल्या होत्या. तिच्या नवऱ्याचा, त्रिंबकचा, सगळा जीव त्या सहांत होता.

त्या दुष्काळात विहीर दिवसाला अर्धा तास चालायची. तेवढ्यावर बाईनं दहा गुंठे कोबी धरली आणि मधेमधे मोहरीच्या दोन-दोन ओळी टाकल्या. अळीच्या पतंगाला कोबीपेक्षा मोहरी प्यारी. तो अंडी तिथंच घालतो. रोज सकाळी ती मोहरी झटकायची आणि पडलेल्या अळ्या साबणाच्या पाण्यात बुडवायची. जहरी औषधाला मात्र ती हात लावत नसे. कोबीची बाहेरची पानं हाच मेंढ्यांचा हिरवा चारा होता, दुसरा शिवारात नव्हताच.

त्रिंबकला मोहरी डोळ्यांत खुपायची.

"इकायची नाय, खायची नाय, मग तिला पानी कशापायी?"

"किड्यांसाठी," ती म्हणायची.

"माझ्या मेंढ्या उपाशी, अन् किड्यांना पंगत!"

एके दिवशी ती कोबी विकायला पुंडलिकनगरच्या बाजारात गेली आणि यानं मेंढ्या मोहरीवर सोडल्या. पण गडी हाडाचा मेंढपाळ! ओळ न् ओळ चारली आणि कोबीच्या एका पानाला तोंड लावू दिलं नाही. संध्याकाळी वर ऐटीत सांगितलं, "तुझं पानी वाचवलं बघ."

आक्काबाई तशीच कोबीत शिरली आणि एकेक पान उलटून बघू लागली.

आठवड्याभरात कोबीच्या कोवळ्या पानांची चाळण झाली. बोट लागलं की हिरवी अळी धाग्याला लोंबकळायची. शेजारच्या कारभारीनं बांधावरून सल्ला दिला, "वहिनी, कडक औषध मारा. दोन दिसांत साफ."

"मारते की," ती नवऱ्याकडं बघून म्हणाली. "पर मंग पाला मेंढ्यांना नाय. काय घालता त्यांना?"

त्रिंबकचा चेहरा उतरला. केलं काय, ते त्याला आत्ता कळलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो डबा घेऊन कोबीत बसला. नजर अधू झाली होती, पण गोचिडी काढण्यात जन्म गेलेली बोटं होती ती; पान चाचपलं की अळी बरोबर सापडायची. आक्काबाईनं निंबोळ्या कुटून भिजवल्या, अर्क गाळून फवारला. बारा दिवस दोघं वाफ्यांतून रांगली. निम्मी कोबी हाती आली आणि सहाही मेंढ्या जगल्या.

पुढच्या लावणीला मोहरीला पाणी घालायचं काम त्रिंबकनं आपणहून घेतलं. एका सकाळी म्हातारी मेंढी दावं तोडून थेट मोहरीत घुसली. जन्मात मेंढीवर हात न टाकलेल्या त्या माणसानं काठी उगारली.

आक्काबाईनं धावत येऊन मनगट धरलं.

"खाऊ द्या. ती बांधाकडची ओळ किड्यांची नाय."

"मंग कुनाची?"

"तिचीच," आक्काबाई म्हणाली. "पेरतानाच एक जास्तीची टाकली."